ओम्नीला भंगारात काढण्याआधी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी एक मानाचे पान मांडले. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात आणि नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये भरले की काम झाले. फक्त एक अट आहे. ही गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतेच तिने फाटकाबाहेर पडायचे. ब्रिटनमध्येही चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ता कर माफ होतो, पण तिच्यातून पैसे घेऊन पार्सले पोचवायला लागलात की माफी संपली. म्हणजे जुनी गाडी हौसेची असेल तर तिला वारसा म्हणायचे आणि पोटापाण्याची असेल तर अडगळ, असा हा हिशेब आहे. विंटेज गाड्यांचा मान कुणी काढून घ्यावा असे मुळीच नाही. प्रश्न आहे तो रोज पहाटे पाव, फुले, भाजी, मंडपाचे सामान किंवा इलेक्ट्रिशियनची शिडी घेऊन निघणाऱ्या गाडीचा. आपल्याकडे ती गाडी बहुधा मारुती ओम्नी असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गावातल्या गावात, थोड्या अंतरावर, माल वाहण्यासाठी चांगल्या अवस्थेतली पेट्रोलची जुनी व्हॅन वापरणे हे आजही शहाणपणाचे आहे. तिला कामावर ठेवायचे की नाही, हे तिच्या जन्मतारखेवरून नव्हे, तर तिची अवस्था आणि तिचे काम पाहून ठरले पाहिजे. हे म्हणताना याच गाडीची दोन कामे मात्र आजच्या आज बंद व्हावीत, असेही मला वाटते. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी गाडीबद्दल. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या साध्या नावाने ती आली आणि १९८८ पासून ओम्नी झाली. मारुती ८०० चेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली आडवे केलेले, ताकद मागच्या चाकांना, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, मागे वर उचलला जाणारा दरवाजा आणि सगळे वजन आठशे किलोच्या आत. हिंदी चित्रपटांनी तिला अपहरणाची सरकारमान्य गाडी करून टाकले, त्याला कारणही हे सरकते दरवाजेच. पण खलनायकाला जे सोयीचे तेच दूधवाल्यालाही सोयीचे असते. बोळात गाडी भिंतीला खेटून लावली तरी दरवाजा उघडायला जागा लागत नाही. बोनेट नसल्यामुळे साडेतीन मीटरपेक्षाही कमी लांबीच्या गाडीत मागची सीट काढली की क्रेट, पोती, गॅसची शेगडी, पातेली असे सगळे मावते. तळ खाली असल्याने भरलेले पातेले छातीपर्यंत उचलावे लागत नाही. वरून छप्पर आणि चारी बाजूंनी पत्रा असल्याने पावसाळ्यात ताडपत्रीची ओढाताण नाही, आणि सिग्नलला उभे असताना मागून पिशवी गायब होण्याची भीती नाही. केटरिंग करणारा, बेकरीवाला, फुलांची सजावट करणारा आणि पंप दुरुस्त करणारा या चौघांनी एकत्र बसून आपल्या गरजा लिहून काढल्या असत्या, तर कागदावर जवळपास हीच गाडी उतरली असती.

दुसरा गुण दुरुस्तीचा. सीट उचलली की इंजिन समोर. प्लग, पट्टा, क्लच प्लेट, वॉटर पंप हे सगळे तालुक्याच्या गावातला कुठलाही फिटर डोळे मिटून करतो, कारण हेच इंजिन त्याने ८०० मध्ये वर्षानुवर्षे खोलले आहे. त्यासाठी लॅपटॉप लागत नाही, कंपनीचा कोड लागत नाही. सकाळी बंद पडलेली गाडी दुपारच्या फेरीला तयार होते, आणि ज्याचा धंदाच दोन फेऱ्यांचा आहे त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. या गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज आहे. सरकत्या दरवाजाची खालची पन्हाळ, पायरीखालचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी इथे माती साचते, पाणी मुरते आणि वरून रंग चकचकीत दिसत असताना आतून पत्रा पापडासारखा होतो. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. म्हणून अशी गाडी घेणारा जाणता माणूस बोनेट शोधत नाही (ते नसतेच), वाकून गाडीच्या पोटाखाली बघतो.

आता पैशाकडे वळू. ओम्नीची जागा घेणारी ईको घ्यायची तर रस्त्यावर येईपर्यंत पाच लाखांच्या पुढे जाते. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ पासून या वर्गातला मोठा आधार आहे, पण नव्या गाडीचा हप्ता त्यालाही चुकत नाही. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्याने नवी गाडी घ्यावी. तिचे मायलेज, वॉरंटी आणि भरवसा हप्त्याची भरपाई करतात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याची गाडी दिवसातले बहुतेक तास उभी असते. उभ्या गाडीवर हप्ता भरणे म्हणजे न चालवलेल्या किलोमीटरचे पैसे देणे. त्याच्यासाठी इंधनात थोडे जास्त जाणारी पण कर्जमुक्त गाडी स्वस्त पडते. लग्नसराईत चार महिने काम आणि पावसाळ्यात जवळपास शुकशुकाट, असे ज्यांचे धंदे आहेत त्यांना तर हप्त्याची तारीख हंगाम बघत नाही, हे चांगले ठाऊक असते.

या माणसाला भंगार धोरण काय देते ते पाहा. अधिकृत केंद्रात गाडी मोडली तर धोरणानुसार नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या सुमारे चार ते सहा टक्के भंगारमूल्य अपेक्षित आहे. पाच लाखांवर ते वीस ते तीस हजार होते. वर नवी गाडी घेताना वाहन करात सवलत मिळते, खासगी गाडीला पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला पंधरा टक्क्यांपर्यंत. पण ही सवलत खर्च करण्यासाठी आधी नवी गाडी घेण्याची ऐपत हवी. जो नवी गाडी घेऊच शकत नाही, त्याच्या हातात वीस-तीस हजार येतात आणि धंद्याचे चाक जाते. दुसरीकडे गाडी ठेवायचे ठरवले तर पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीचे शुल्क आहेच. मोटारीसाठी ते सहाशे रुपये होते, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मधल्या दुरुस्तीने वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटार वाहनाला दहा हजार झाले. महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याहून वेगळा. गाडी किती धूर सोडते आणि वर्षाला किती फिरते, याचा या आकड्यांशी काही संबंध नाही. वर्षाला तीस हजार किलोमीटर पळणारी आणि पाच हजार किलोमीटर सरपटणारी, दोघींना एकच पावती.

यावर पहिला आक्षेप अर्थातच प्रदूषणाचा येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कार्बन डायऑक्साइड हा एक हिशेब आणि फुप्फुसात जाणारा विषारी धूर हा दुसरा. पहिला हिशेब करून पाहू. गाडी दिवसाला वीस किलोमीटर आणि वर्षातले तीनशे दिवस चालली, तर सहा हजार किलोमीटर होतात. जुनी व्हॅन लिटरला चौदा देते आणि नवी वीस देते असे धरू. नव्या गाडीला मी मुद्दाम झुकते माप दिले आहे. जुनीला सुमारे ४३० लिटर पेट्रोल लागेल, नवीला ३००. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे नव्या गाडीने वर्षाला वाचणार ते तीनशे किलो. पण नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच, रंग या सगळ्याच्या मागे भट्ट्या आहेत. एक टनाच्या आसपासची छोटी गाडी घडवताना चार टन जरी धरले, तरी ते फिटायला तेरा वर्षांहून जास्त लागतात. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीबाबत हेच कर्ज तीन वर्षांच्या आत फिटते. म्हणूनच दोघांना एकच नियम लावणे चुकीचे आहे.

दुसरा हिशेब धुराचा, आणि इथे गाडीचे वय नव्हे, तिचे मानक आणि इंधन बघावे लागते. ओम्नी २०१९ पर्यंत विकली जात होती, त्यामुळे ‘ओम्नी म्हणजे जुनाट’ हे समीकरणच लंगडे आहे. आराखडा १९८४ चा, पण रस्त्यावरच्या अनेक ओम्नी बीएस-४ च्या आहेत. मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू झाले, देशभर एप्रिल २०१७ पासून. पेट्रोल मोटारींसाठी बीएस-४ आणि बीएस-६ यांच्यात फरक किती? कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दोन्हीकडे किलोमीटरला एक ग्रॅम, हायड्रोकार्बनची दोन्हीकडे ०.१ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइडची ०.०८ वरून ०.०६ वर. डिझेलमध्ये मात्र याच काळात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.२५ वरून ०.०८ वर आणि काजळीची ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅमवर आली. म्हणजे डिझेल गाडीबाबत जुन्या-नव्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पेट्रोलबाबत तसे नाही. म्हणून एकेकाळी आकुर्डीहून निघून अख्ख्या महाराष्ट्राचा माल वाहिलेल्या डिझेल मॅटाडोरबद्दल कितीही जिव्हाळा असला, तरी भर शहरात तिने रोज फेऱ्या माराव्यात असे मी म्हणणार नाही. तीच गोष्ट २००० च्या आधीच्या, कार्बोरेटरवर चालणाऱ्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या ओम्नींची. पुढे आलेल्या पहिल्या भारत मानकातसुद्धा पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची २.७२ ग्रॅमपर्यंत मुभा होती, आणि या गाड्या त्याच्याही आधीच्या. त्यांनी शहर सोडावे. पण २००९ च्या कार्बोरेटर नसलेल्या गाडीला आणि १९९५ च्या गाडीला एकाच दाव्याला बांधण्यात शास्त्र नाही, कारकुनी आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप, सुरक्षेचा. इथे वकिली चालत नाही. ओम्नीत चालकाच्या पायापुढे पत्रा आहे आणि पत्र्यापुढे रस्ता. समोरून धडक झाली तर ती झेलायला पुढे काहीच नाही, चालकाचे गुडघेच बंपर होतात. एअरबॅग नाही, एबीएस नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलनाही समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, ओम्नी त्यात बसणे शक्य नव्हते आणि कंपनीने ती त्याआधीच थांबवली. जगातली याच घडणीची सर्वांत लाडकी व्हॅन, फोक्सवॅगनची कोम्बी, हिचेही असेच झाले. जर्मनीत ती कधीच बंद पडली होती, ब्राझीलमध्ये मात्र अर्धशतकाहून अधिक काळ मजुरांची, फेरीवाल्यांची, पोस्टाची गाडी म्हणून बनत राहिली. २०१४ पासून तिथे नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिचे उत्पादन संपले. दोन्ही देशांचे निर्णय बरोबर होते. नवी गाडी बनवताना धडकेचा विचार करायचा नाही, असे कोण म्हणेल?

पण नवी गाडी कशी बनवावी आणि असलेली गाडी कुठे वापरावी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धडकेची तीव्रता वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ऐंशीऐवजी चाळीसच्या वेगात चौपट कमी ऊर्जा झेलावी लागते. मंडई ते दुकान आणि दुकान ते गिऱ्हाईक या फेरीत पस्तीस-चाळीसच्या वर काटा जाणे मुश्कील असते. शिवाय या कामासाठी खरा पर्याय नेहमीच एअरबॅगवाली नवी व्हॅन असतो असे नाही. अनेकदा तो मागे तीन क्रेट बांधलेली दुचाकी असतो किंवा दरवाजे नसलेली मालवाहू रिक्षा असते. त्यांच्या तुलनेत पट्टा लावून, पत्र्याच्या आत, चार चाकांवर बसलेला माणूस कमी सुरक्षित आहे असे कुणी सिद्ध करून दाखवावे.

मात्र याच युक्तिवादातून त्या दोन बंद्या निघतात. एक, या गाडीतून मुलांना शाळेत नेणे. सीटच्या मधल्या जागेत फळी टाकून, दप्तरे टपावर बांधून, आठ-दहा मुले कोंबलेली ओम्नी आपण इतकी वर्षे पाहत आलो की तिच्यात काही गैर आहे हेच दिसेनासे झाले. चालक स्वतःचा धोका स्वतः पत्करतो, पहिलीतली मुलगी तो पत्करत नाही. त्यासाठी गाडी पंधरा वर्षांची व्हायची वाट बघायचे कारण नाही. २०१९ ची ओम्नीही या कामाला नको. दोन, महामार्गावर भाडे मारणे. शेजारून ट्रेलर ताशी ऐंशीने जात असताना आठशे किलोची ही गाडी वाऱ्यानेच हेलकावते, तिथे तिचे काम नाही. तिसरी गोष्ट बंदीची नाही, कारण ती आधीपासूनच गुन्हा आहे. घरगुती सिलिंडरमधून मोटर लावून गाडीत गॅस भरण्याचा धंदा गल्लीबोळांत चालतो आणि आगीच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. कंपनीची एलपीजी टाकी आणि हा उद्योग यात काहीही साम्य नाही. जुन्या व्हॅनबद्दल लोकांच्या मनात जी धास्ती आहे, तिचा मोठा वाटा या चोरट्या गॅसचा आहे, गाडीच्या वयाचा नाही.

वयाची रेघ सोपी असते, अवस्थेची तपासणी आपल्याकडे विकत मिळते, मग रेघच बरी नाही का, असा व्यवहारी प्रश्न प्रशासनातले लोक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. नळी न लावता हातात पडणारी पीयूसी सगळ्यांना माहीत आहे, आणि नळी लावली तरी ती पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनच मोजते, तेही गाडी जागेवर उभी असताना. पण सोप्या रेघेचे काय होते ते दिल्लीने दाखवले. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा कोर्टाच्या आदेशाने आली, १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम लागू झाला आणि आठवडाभरात सरकारला तो गुंडाळून ठेवावा लागला. रेघेच्या अलीकडची धुराडी सुटतात, पलीकडची नीट ठेवलेली गाडी अडकते, हे लोकांना डोळ्यांनी दिसते. जो नियम अन्यायाचा वाटतो तो पाळण्यापेक्षा चुकवण्याकडे कल जातो, आणि गाडी शेजारच्या राज्यात विकली जाऊन तिथे तोच धूर सोडत राहते.

खरे तर आताची व्यवस्था एकाच वेळी फार कडक आणि फार ढिली आहे. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंगला जाते. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी पंधरा वर्षांनी एकदा तपासली की पुढे पाच वर्षे मोकळी. पाच वर्षांत कोकणातला पत्रा दोनदा गळून पडतो. आणि अनेक ओम्नी याच पांढऱ्या पाटीवर धंदा करतात, हे आरटीओला, विमा कंपनीला आणि मालकाला तिघांनाही माहीत असते. अपघात झाला की मग विमा कंपनीला एकदम नियम आठवतो. म्हणून अपेक्षा उलटी हवी. शुल्क कमी करा आणि तपासणी वाढवा. पंधरा वर्षांपुढच्या कामाच्या व्हॅनची दरवर्षी तपासणी व्हावी. ती स्वयंचलित केंद्रात, ब्रेकच्या रोलरवर आणि खड्ड्यावर गाडी घेऊन व्हावी. पोटाखालचा पत्रा हातोडीने ठोकून पाहावा आणि ओडोमीटरचा आकडा नोंदवावा, म्हणजे वर्षाला किती चालली ते कागदावर राहील. पर्यावरण कर त्या आकड्यावर लावा. पांढऱ्या पाटीवर स्वतःचाच माल नेणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला, गावाच्या हद्दीपुरती आणि माणसे न नेण्याच्या अटीवर, कमी शुल्कात मालवाहू नोंदणी करून घेण्याची एक संधी द्या. आज तो चोरून जे करतो ते उघड केले, तर तपासणीच्या कक्षेत तरी येईल.

राहिला मुद्दा विजेवर चालणाऱ्या मालगाड्यांचा. छोट्या अंतराच्या फेऱ्यांसाठी त्या योग्यच आहेत, याबद्दल वाद नाही. ज्याच्याकडे चार्जिंगला जागा आणि कर्जाला पत आहे तो आजच तिकडे जातो आहे. पण वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि गाडी रस्त्यावर लावणाऱ्या फूलवाल्यापर्यंत ती पोचेल तेव्हा बहुधा सेकंडहँड बाजारातूनच पोचेल, जशी ओम्नीही त्याच्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या हातानेच आली. त्या बाजारात पुरेशा जुन्या विजेच्या व्हॅन यायला अजून काही वर्षे आहेत. शेवटच्या ओम्नी २०१९ मधल्या, म्हणजे त्यांचीही पंधरा वर्षे २०३४ मध्ये भरतील. त्याआधीच सुटे भाग दुर्मीळ होतील, सरकत्या दरवाजाचे रोलर जुन्या बाजारात शोधावे लागतील आणि एकेक गाडी पत्रा बदलण्याचा खर्च परवडेनासा होऊन आपोआप थांबेल. तोवरची आठ-दहा वर्षे तिला नीट तपासून मंडईत चालू द्यायचे की पावतीच्या भाराखाली घालवायचे, एवढाच निर्णय परिवहन खात्याला करायचा आहे. शाळेच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या ओम्नींचा निर्णय मात्र येत्या जूनच्या आत करता येईल.